लुटुपुटीची लढाई



आजच्या व्याख्यानाचे नाव जाहिरातीत वाचून काहींना वाटले असेल की हा कार्यक्रम बालगोपाळांसाठी आहे. लुटुपुटीची लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दिवाळीचा किल्ला उभा राहतो. अंगणातल्या मातीचे बुरूज, त्यांवर पेरलेले अळीव, कुंभाराकडून आणलेले मावळे आणि किल्ल्याच्या मानाने फारच मोठे झालेले सिंहासनावरचे शिवाजीमहाराज! हा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे. परंतु आम्ही ज्या खेळाविषयी बोलणार आहोत तो मोठ्या माणसांचा आहे. युरोप-अमेरिकेत हजारो हौशी माणसे, म्हणजे कारकून, शिक्षक, वकील, सुतार, गवंडी, पदरच्या पैशाने जुन्या काळचे गणवेश शिवून घेतात, जुन्या घाटाच्या बंदुका खांद्यावर टाकतात आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या शेतात जमून दीडशे, दोनशे, नऊशे वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढतात. भोवती दोर बांधलेला असतो, दोरापलीकडे तिकीट काढून आलेली बायकामुले असतात, आणि संध्याकाळी मेलेले सगळे उठून घरी जातात.

हा विषय निवडण्याचे कारण मात्र परदेशचे नाही, घरचेच आहे. आपल्या गावातील काही उत्साही तरुणांच्या मनात असे आले आहे की गावाबाहेरच्या माळावर पानिपतच्या लढाईचा देखावा करून दाखवावा. भाले-तलवारी जमवता येतील, घोडे मिळतील, ढोलताशांचे पथक तर आहेच. मग अडचण कसली, असे त्यांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांकडून हा एक तास मागून घेतला.

जुन्या काळी हा नाद राजेलोकांचा होता. रोमचा बादशहा क्लॉडियस याने इ. स. ५२ मध्ये फुचिनो सरोवरावर आरमारी लढाई करवली, आणि तीत १९,००० माणसे उतरवली होती असे टॅसिटस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ही माणसे शिक्षा झालेले कैदी होती आणि सांडलेले रक्त खरे होते. तेव्हा तो प्रकार आपण सोडून देऊ. हौसेखातर झालेला पहिला गाजलेला खटाटोप स्कॉटलंडातला. वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' वाचून ज्यांच्या डोक्यात चिलखते शिरली होती अशा तरुण सरदारांना घेऊन एग्लिंटनच्या उमरावाने ऑगस्ट १८३९ मध्ये मध्ययुगीन भालेबाजीचा सामना भरवला. खर्च परवडेना म्हणून कितीतरी वीर आधीच गळाले. उरलेल्यांना पाहायला सुमारे एक लाख माणूस लोटला. आणि पहिल्याच दिवशी पाऊस कोसळला! मैदानाचा चिखल झाला, मंडप गळू लागले, चिलखतातला एक बडा उमराव डोक्यावर छत्री धरून बसलेला लोकांनी पाहिला. इंग्लंडातल्या व्यंगचित्रकारांना तेवढे पुरले. पण आम्हांला त्या छत्रीपेक्षा परत जाणारे प्रेक्षक महत्त्वाचे वाटतात. लाखभर माणसे येण्याचा विचार झाला होता, जाण्याचा कोणीच केला नव्हता. रस्ते अडले, वाहने मिळेनात, आणि शहरातली नटलेली मंडळी मैलोगणती चिखल तुडवत गेली. आमच्या तरुण मित्रांनी खर्चाच्या कागदावर तलवारींच्या आधी रस्ता, पाणी आणि संडास ही तीन कलमे लिहावीत.

आता मुख्य कथेकडे वळतो. ती अमेरिकेची आहे, आणि ती विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धातील पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी झाली. वॉशिंग्टनपासून पंचवीस-तीस मैलांवर मनॅससजवळ बुल रन नावाचा ओढा आहे, त्याच्या काठी. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या संस्थानांचा बंडावा एका दिवसात मोडणार, अशी राजधानीत सर्वांची खात्री होती. म्हणून काँग्रेसचे सभासद, बातमीदार, प्रतिष्ठित स्त्रीपुरुष घोडागाड्या जोडून, खाण्याच्या टोपल्या आणि दुर्बिणी बरोबर घेऊन ती लढाई पाहायला गेले. होय, खरी लढाई पाहायला गेले! दुपारनंतर उत्तरेच्या सैन्याची फळी फुटली. पळणारे शिपाई, तोफांचे गाडे आणि जत्रेला आलेले हे प्रेक्षक यांची एकाच रस्त्यावर कोंडी झाली. काँग्रेसचा एक सभासद शत्रूच्या हाती कैद झाला. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४,७०० लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. लढाई आणि तमाशा यांमधली दोरी त्या दिवशी कशी तुटली हे अमेरिकन लोक अजून विसरलेले नाहीत, असे कोणालाही वाटेल.

पण शंभर वर्षे लोटली. जुलै १९६१ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने त्याच जागेवर त्याच लढाईचा मोठा देखावा झाला. दोन हजारांवर माणसे दोन्ही बाजूंनी उभी राहिली, बसायला बाके मांडली, तिकिटे विकली. ऊन कडक होते, गणवेश लोकरीचे होते. कितीतरी शिपाई आणि प्रेक्षक उन्हाने घेरी येऊन पडले. खऱ्या रुग्णवाहिकांना खोट्या लढाईत काम मिळाले. लोकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांतून विचारणा सुरू झाली, की जिथे माणसे मेली त्याच मातीवर टाळ्या वाजवण्यात आपण काही विसरलो तर नाही ना? शताब्दी समितीची सूत्रे पुढे ॲलन नेव्हिन्स या इतिहासकाराच्या हाती आली. त्याने असल्या देखाव्यांना स्पष्ट विरोध केला. अशी बरीच रणक्षेत्रे तेथे राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात असतात, आणि त्या खात्याचा आजचा नियम असा आहे, की समोरासमोर दोन फळ्या उभ्या करून गोळीबार, हातघाई किंवा मरण्याचे सोंग यांपैकी काहीही खात्याच्या जमिनीवर करता येणार नाही. एकाच बाजूच्या तुकडीने बंदूक कशी भरावी, तोफ कशी डागावी हे दाखवायला हरकत नाही. समोर शत्रू उभा करायला मात्र बंदी. कारणही दिलेले आहे: देखावा कितीही अभ्यासपूर्वक केला तरी युद्धातली शोककथा त्यात येत नाही, आणि मेलेल्यांचा मान राखला पाहिजे. म्हणून आज गेटिसबर्गची लढाई गेटिसबर्गच्या रणक्षेत्रावर होत नाही, ती आसपासच्या खाजगी शेतांत होते.

हौशी मंडळींना हा नियम जाचक वाटतो, आणि त्यांचीही बाजू आहे. ही माणसे थिल्लर नाहीत. कोटाच्या शिवणीत हाताचे टाके आहेत की यंत्राचे, गुंडी कोणत्या धातूची, कापडाचा रंग वनस्पतीचा की रसायनाचा, यावर त्यांच्यात जे वाद चालतात ते ऐकले तर आपल्याकडचे ऱ्हस्वदीर्घाचे पंडित लाजतील. त्यांतले काही रात्री थंडीत उघड्यावर एकमेकांना चिकटून झोपतात, कारण तेव्हाचे शिपाई तसेच झोपत. पुस्तक वाचून जे कळत नाही ते पायांत बूट चावल्यावर कळते, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि आम्हांला ते पटते. चार मैल बंदूक वाहून नेल्यावर 'फौजेने कूच केले' या तीन शब्दांचा अर्थ बदलतो.

ही लढाई लढवतात तरी कशी, ते आता पाहू. काडतुसात गोळी नसते, नुसती दारू असते. (बंदुकीची! श्रोत्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) परंतु गोळी नसली म्हणून बंदूक निरुपद्रवी होत नाही. नळीच्या तोंडातून ज्वाला आणि न जळलेली दारू बाहेर पडते, आणि जवळच्या माणसाचे डोळे जाऊ शकतात. म्हणून नेम कोणावरही धरायचा नाही. अंतर कमी झाले की नळी वर करून बार काढायचा. ठासणीची बंदूक खरे म्हणजे गजाने ठासावी लागते, पण मैदानात गज बाहेर काढायचाच नाही असा दंडक आहे. घाईत तो नळीत राहिला तर बाणासारखा सुटतो. लढाईपूर्वी प्रत्येकाची बंदूक तपासली जाते. तपासणारा माणूस नळीत गज सोडतो आणि आवाज ऐकतो. ठणठणीत वाजला तर नळी रिकामी, बद्द वाजला तर आत काहीतरी अडकले आहे. तोफांचे तर याहून कडक. एका बारानंतर नळीत ठिणगी राहिली आणि वर नवी दारू ढकलली, तर ढकलणाऱ्याचा हात जातो. म्हणून ओला बोळा फिरवून काही मिनिटे थांबावेच लागते. प्रेक्षकांना वाटते, तोफा इतक्या सावकाश का? त्या सावकाश आहेत म्हणून गोलंदाज दोन्ही हातांनी जेवतो. इतके करूनही अपघात घडतात. १९९८ साली गेटिसबर्गच्या लढाईला १३५ वर्षे झाली तेव्हाच्या प्रचंड देखाव्यात फ्रान्सहून आलेल्या एका हौशी शिपायाच्या मानेत पिस्तुलाची खरी गोळी घुसली. सुदैवाने तो वाचला.

याहून नाजूक प्रश्न म्हणजे मरायचे कोणी? दोनशे मैल मोटार हाकत आलेला, कोटावर महिन्याचा पगार घातलेला गृहस्थ पहिल्याच बारात मरायला तयार होत नाही. समोरून पन्नास बंदुकांचा बार झाला आणि एकही माणूस पडला नाही, असे दृश्य या लढायांत नेहमी दिसते. मग संयोजक चिठ्ठ्या टाकतात, किंवा अमुक महिन्यात जन्मलेल्यांनी तमुक बाराला पडावे असे ठरवून देतात. ज्यांची काडतुसे संपतात ते आपण होऊन मरतात. मरताना लोक शक्यतो झाडाच्या सावलीत किंवा प्रेक्षकांच्या दोराजवळ मरतात, म्हणजे पुढची लढाई आरामात पाहता येते! शेवटी बिगूल वाजते, मेलेले उठून टोप्या काढतात, सगळे क्षणभर स्तब्ध उभे राहतात.

सेनापतींची मात्र कधी टंचाई पडत नाही. प्रत्येकाला कर्नल व्हायचे असते. शिपाई शोधावे लागतात. वयाचाही घोळ आहे. त्या युद्धातला सरासरी शिपाई पंचविशीतला आणि अर्धपोटी होता. त्याचे सोंग घेणारा बहुधा पंचेचाळिशीचा आणि चांगला खाल्लेला असतो. आणि संख्या? वॉटर्लूच्या द्विशताब्दीला, जून २०१५ मध्ये, युरोपभरातून सुमारे ५,००० हौशी शिपाई, ३०० घोडे आणि १०० तोफा जमल्या. दोन संध्याकाळी लढाई झाली, दररोज साठ हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. असा मोठा मेळावा क्वचितच होतो. पण १८१५ साली त्या मैदानावर तिन्ही सैन्यांचे मिळून पावणेदोन लाखांहून अधिक लोक होते. म्हणजे मोठ्यात मोठा देखावासुद्धा पस्तीस-चाळीस माणसांमागे एक माणूस उभा करतो. त्यात वॉटर्लूची जमीनही जुनी राहिलेली नाही. तेथे १८२६ साली पुरा झालेला सिंहाचा मोठा थोरला ढिगारा आहे. तो रचण्यासाठी रणभूमीवरचीच माती खणली आणि ज्या उंचवट्यामागे वेलिंग्टनने आपली माणसे लपवली होती तोच सपाट झाला. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी १८०३ साली असईला लढलेलाच गृहस्थ. स्मारक बांधण्याच्या उत्साहात ज्याचे स्मारक तेच खणून टाकायचे, हा गुण काही आपल्याच देशाचा नाही.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. लढाईच्या देखाव्यात आणखी एक सोंग आणता येत नाही, ते भीतीचे. संध्याकाळी घरी जायचे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची फळी सरळ राहते. म्हणून या लढाया दिसतात सुरेख. धूर, निशाणे, ताशा, रांगा! प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, लढाई पाहिली. त्याने लढाईतले तेवढे पाहिले जे सुंदर होते.

मनॅससच्याच लढाईचे एक उदाहरण देतो. १८६१ च्या जुलैत गणवेश अजून ठरलेले नव्हते. उत्तरेच्या काही पलटणी करड्या कपड्यांत होत्या, दक्षिणेच्या काही निळ्या. दुपारी हेन्री टेकडीवर उत्तरेच्या ग्रिफिन नावाच्या गोलंदाजाने आपल्या तोफांच्या अंगावर एक निळी पलटण येताना पाहिली. तो तोफा डागणार इतक्यात त्याचा वरिष्ठ बॅरी म्हणाला, थांबा, ती आपलीच माणसे आहेत. ती व्हर्जिनियाची पलटण होती, म्हणजे शत्रूची. तिने जवळ येऊन बार झाडला, गोलंदाज आणि घोडे पडले, तोफा गेल्या, आणि दिवसाचा रंग पालटला. आता संयोजकाची पंचाईत पाहा. प्रेक्षकाला बाजू ओळखता याव्यात म्हणून सगळे निळे इकडे आणि सगळे करडे तिकडे उभे केले, तर लढाई समजायला सोपी होते आणि ज्या कारणाने ती फिरली तेच कारण नाहीसे होते. उलट खरे कपडे घातले, तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही, आणि त्या दिवशी सेनापतींनाही कळत नव्हते, हे सत्य त्याला प्रथमच कळते. आम्हांला विचाराल तर दुसरे करावे. पण त्या प्रयोगाला तिकीट काढून किती लोक येतील, हे सांगायची आमची तयारी नाही.

कपड्यांतून गाळलेले सत्य लहान असते. त्याहून मोठे गाळले जाते ते बाजू वाटताना. १९१३ साली गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्या युद्धातले पन्नास हजारांहून अधिक म्हातारे तंबूंतून एकत्र राहिले. ज्या उतारावरून १८६३ च्या ३ जुलैला दक्षिणेचे सुमारे साडेबारा हजार लोक चालून गेले आणि त्यांतले निम्मे कामास आले, त्याच ठिकाणी उरलेले वृद्ध काठ्या टेकत पुन्हा चालले, आणि दगडी बांधावर उत्तरेच्या वृद्धांनी त्यांचे हात हातात घेतले. त्या प्रसंगाची छायाचित्रे पाहून डोळे ओले होतात. परंतु छायाचित्र जरा वेळ पाहत राहिले की दुसरी गोष्ट ध्यानात येते. ज्या गुलामगिरीपायी हे सारे घडले तिचा विषय त्या समारंभात जवळजवळ वर्ज्य होता. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे शिपाई दाखल झाले होते. बांधावरच्या हस्तांदोलनात त्यांना जागा नव्हती. दोन भाऊ भांडले आणि भेटले, अशी सोयीची कथा तयार झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांतले देखावे त्याच कथेवर उभे राहिले. काळ्या पलटणींचे गणवेश घालून उभे राहणारे हौशी गट पुष्कळ उशिरा, विशेषतः १९८९ च्या 'ग्लोरी' या चित्रपटानंतर, ठळकपणे दिसू लागले. ते मैदानात आल्याबरोबर लढाई तीच राहिली आणि युद्ध बदलले. प्रेक्षकांतला लहान मुलगा विचारू लागला, हे लोक कशासाठी लढत होते? इतकी वर्षे तो फक्त विचारत होता, कोण जिंकले?

हरणाऱ्याचे काम कोणी करावे, हा प्रश्न आपल्या कोकणातल्या दशावताराला कधी पडला नाही. तिथे संकासुराचे काम करणारा नट साऱ्या गावाचा लाडका असतो. परंतु संकासुराचे नातू प्रेक्षकांत बसलेले नसतात. इतिहासातल्या लढाईत ते बसलेले असतात, आणि कधीकधी ते उठून उभे राहतात. कॅनडात असेच घडले.

क्वेबेक शहराबाहेरच्या एब्राहमच्या पठारावर १३ सप्टेंबर १७५९ रोजी इंग्रज आणि फ्रेंच समोरासमोर आले. खरी चकमक अर्ध्या तासाच्या आत संपली. इंग्रजांचा सेनापती वुल्फ रणातच पडला. फ्रेंचांचा मोंकाल्म जखमी होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी वारला. पुढे १७६३ च्या तहाने फ्रान्सने तो मुलूख इंग्रजांना दिला, आणि तेथील फ्रेंच बोलणारी प्रजा परक्या राज्याखाली गेली. तिचे वंशज आजही तेथेच राहतात, फ्रेंचच बोलतात, आणि स्वतंत्र क्वेबेकची मागणी करणारा मोठा पक्ष त्यांच्यात आहे. अडीचशे वर्षांच्या निमित्ताने २००९ मध्ये त्या पठाराची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी मंडळाने लढाईचा मोठा देखावा ठरवला. दोन हजार हौशी शिपाई येणार होते. मंडळाचा हेतू वाईट नव्हता. इतिहास दाखवावा, प्रवासी यावेत, एवढाच होता. पण लोक संतापले. आमच्या पराभवाची जत्रा भरवून तुम्ही तिकिटे विकणार काय, असा सूर निघाला. निषेध वाढला, धमक्या आल्या, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सुरक्षिततेचे कारण देऊन मंडळाने देखावा रद्द केला.

या प्रकरणी आमचे मत दुटप्पी वाटेल, तरी सांगतो. धमक्यांनी कार्यक्रम बंद पाडणे वाईटच. ज्या लढाईविषयी मोकळेपणी बोलता येत नाही ती अजून संपलेली नाही असे समजावे. पण मंडळाने विचारायला हवे होते ते आधी विचारले नाही. पराभूतांच्या नातवंडांना पाहुणे म्हणून आमंत्रण द्यायचे की यजमान म्हणून, हे ठरवल्यावाचून तंबू ठोकायला निघाले.

यजमान म्हणून बोलावले तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे, आणि ते राजेरजवाड्यांचे नाही. इंग्लंडात १९८४-८५ साली कोळसा खाणकामगारांचा मोठा संप झाला. १८ जून १९८४ रोजी यॉर्कशायरमधील ऑरग्रीव्ह येथे संपकरी आणि पोलीस यांची मोठी चकमक झाली. घोडेस्वार पोलिसांनी कामगारांवर घोडे घातले. दंगलीचे खटले झाले, ते पुढच्या वर्षी न्यायालयात कोसळले. आणि १९९१ मध्ये पोलिसांनी ३९ कामगारांना मिळून ४,२५,००० पौंड भरपाई दिली. १७ जून २००१ रोजी जेरेमी डेलर या कलावंताने त्याच गावी या चकमकीचा देखावा घडवून आणला. सुमारे आठशे हौशी लढवय्ये होते, एरवी मध्ययुगीन किंवा नेपोलियनच्या काळातल्या लढाया लढणारे. आणि दोनशेच्या वर होते ते खरे माजी खाणकामगार, त्या दिवशी तेथे असलेलेही त्यांत होते. त्यांच्यापैकी काहींनी पोलिसांचे कपडे घातले. सतरा वर्षांपूर्वी ज्याने काठी खाल्ली त्याच्या हाती काठी दिली. हौशी मंडळी जरा बिचकली होती म्हणतात, कारण समोरचे लोक सोंग आणणारे नव्हते. त्यांना फक्त आठवायचे होते. या प्रयोगावर माइक फिगिसने चित्रपट केला, आणि जे वृत्तपत्रांनी तेव्हा एका परीने सांगितले होते ते लोकांनी दुसऱ्या परीने पाहिले. इतक्या देखाव्यांत आम्हांला हा एकच असा वाटतो, की ज्यात शेवटी मेलेले उठले नाहीत, कारण मेल्याचे सोंग घ्यायची कोणाला गरजच पडली नाही.

आता पानिपत. आमच्या तरुण मित्रांनी १४ जानेवारी १७६१ हा दिवस निवडला आहे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, विश्वासराव पडल्याची बातमी, भाऊसाहेबांनी गर्दीत घातलेला घोडा, हे सगळे रंगमंचावर उत्तम दिसेल यात शंका नाही. पण अब्दालीकडचे लोक कोण होणार? अमुक जातीधर्माच्या पोरांनाच तिकडे ढकलायचे असा कोणाचा बेत असेल, तर तो माळ आजच विसरावा. ते काम चिठ्ठ्या टाकून वाटावे, आणि इब्राहिमखान आपल्या बाजूने लढला, पकडला गेला व मारला गेला, हे प्रेक्षकांना मोठ्याने सांगावे. मल्हारराव होळकर रणातून निघून गेले ते दृश्य घ्यायचे की नाही, यावर गावात आधी एक सभा होऊ द्या. ती सभा लढाईपेक्षा रंगेल.

आणि भूक कशी दाखवणार? पानिपतावर फौज उभी राहिली ती आठवडेच्या आठवडे कोंडीत सापडून, रसद तुटून, उपाशी. सोबत बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून ती माणसे सकाळी बाहेर पडली. हे गाळून घोडे दौडवले तर जे उरेल ते पानिपत नव्हे, मिरवणूक होय.

म्हणून आमची सूचना अशी आहे, की पहिल्या वर्षी लढाई करूच नये. छावणी करावी. माळावर वीस तंबू ठोका. एका तंबूत बंदूक भरून दाखवा, समोर कोणी नको. एकात घोड्याचा नाल कसा ठोकतात ते दाखवा. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळवाले येतील, त्यांना एक कोपरा द्या. मधोमध दाणेवाल्याचा तंबू असू द्या. फौजेला आणि बुणग्यांना रोज किती धान्य लागत असेल, किती बैल ते वाहत असतील, कोंडी पडल्यावर भाव कसा चढत गेला असेल, याचा हिशेब शाळेतल्या मुलांकडून करवून घ्या आणि फळ्यावर लिहून ठेवा. सकाळी आलेला प्रेक्षक संध्याकाळी परत येऊन पाहील, तेव्हा फळ्यावरचा आकडा उतरलेला असावा. जाट राजा सूरजमल याने वाचलेल्यांना आसरा दिला, तो तंबू छावणीच्या बाहेर, परतीच्या वाटेवर असावा.

पैसे उरले आणि हौस टिकली तर दुसऱ्या वर्षी लढाईचा विचार करता येईल. शस्त्रांसाठी पोलीस खात्याचा परवाना, दारूसाठी वेगळा परवाना, जखमींसाठी डॉक्टर आणि घोड्यांसाठी पशुवैद्य, एवढे कागद आधी हातात असावेत. तारीख दिवाळीनंतरची, थंडीतली धरावी. खऱ्या लढाईचीही तीच वेळ होती, आणि एग्लिंटनच्या पावसाचा वा मनॅससच्या उन्हाचा धोका नाही. जमाखर्चाला एखादा जुना कारकून बसवावा. तो मिळाला नाही तर आम्ही बसायला तयार आहोत.